वाटाण्याच्या अंकुराची कैफियत

भारतीय सचेतनपटाचा, म्हणजे ज्याला आपण बोलण्यात अ‍ॅनिमेशन म्हणतो त्या कलेचा, आरंभ १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेच्या चित्रशाळेत मुरलेला एक अमेरिकन शिक्षक येऊन दाखल झाला तेव्हापासून धरावा. त्यापूर्वीचे जे काही सांगितले जाते ते महाराष्ट्राभिमानाने फुगवलेले आख्यान समजावे. आणि दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपावर व आगकाड्यांवर केलेल्या प्रयोगांना फार तर एका हौशी छायाचित्रकाराची करमणूक म्हणून सोडून द्यावे, असे मत अलीकडे आमच्या यवतमाळातही व्याख्यानांतून आणि चर्चांतून इतक्या ठामपणे मांडले जाऊ लागले आहे की त्याचा पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. मत मांडणारी मंडळी वाचलेली आहेत, आणि स्वदेशाच्या अभिमानापायी इतिहासाची ओढाताण होऊ नये ही त्यांची कळकळ प्रामाणिक आहे, हे मी मोकळेपणी मान्य करतो. परंतु ताजवा एका बाजूला झुकला आहे अशा समजुतीने दुसऱ्या पारड्यावर हात दाबून धरणे ही काही तटस्थता नव्हे.

या पक्षाच्या एकंदर हरकती चार दिसतात. फाळक्यांचा वाटाण्याचा चित्रपट हा सचेतनपट नव्हेच, ही पहिली. आगकाड्यांचा चित्रपट आज उपलब्ध नाही, म्हणून तो हिशेबात धरू नये, ही दुसरी. फाळक्यांजवळ जे होते ते विलायतेहून आणलेले होते आणि त्यांचे पहिलेपणही 'श्री पुंडलिक'च्या दादासाहेब तोरण्यांनी आधीच हिरावून घेतले होते, ही तिसरी. आणि त्यांच्या प्रयोगातून पुढे कोणतीही परंपरा निघाली नाही, ही चौथी. या चारांपैकी शेवटची तेवढी वजनदार आहे. उरलेल्या तिहींचा निवाडा करण्यास फाळक्यांच्या चरित्रातील उघड्या गोष्टी पुरेशा आहेत.

१९११ साली गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून परतलेल्या फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण उभे राहिले, ही हकीकत शाळकरी मुलालाही पाठ असते. त्यापुढची हकीकत मात्र तितकी पाठ नसते. चाळिशी ओलांडलेला, छापखान्याच्या भागीदारीतून नुकताच बाहेर पडलेला आणि अतिश्रमाने काही काळ दृष्टी गमावून बसलेला हा गृहस्थ आयुष्याच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनला गेला, तेथे 'बायोस्कोप' या पत्राचे संपादक कॅबोर्न यांची त्याने गाठ घेतली, त्यांच्या ओळखीने वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतले काम पाहिले, आणि विल्यमसनचा कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र व छपाईचे यंत्र यांची बेगमी करून एप्रिलच्या आरंभी तो मुंबईस परतला. यंत्रे आली, भांडवल संपले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना 'चित्रपट' ही वस्तू दाखवल्यावाचून पटण्यासारखी नव्हती. नट नाहीत, पोशाख नाहीत, पडदे नाहीत, आणि सावकाराला तर काहीतरी हलताना दिसले पाहिजे, अशा कैचीत सापडलेल्या मनुष्याने काय करावे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्या कुंडीपुढे रोवला.

या कृतीतील कौशल्य समजण्यासाठी त्या काळच्या कॅमेऱ्याची रीत ध्यानात घ्यावी लागते. कॅमेऱ्याची दांडी हाताने फिरवावी लागे. तिच्या एका फेऱ्यात सर्वसाधारणपणे आठ चौकटी पुढे सरकत, सेकंदाला दोन फेरे दिले म्हणजे सोळा चौकटींचा वेग साधे, आणि फूटभर फितीत चौकटी सोळाच मावत असल्याने एक सेकंद म्हणजे एक फूट असा सोपा हिशेब पडे. फाळक्यांचे भक्त (आणि येथे मला स्वपक्षालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत) अनेकदा मोठ्या भाविकपणे सांगतात की दादासाहेबांनी महिनाभर रोज एक चौकट टिपली. त्यांनी पाटीवर गणित मांडून पाहावे: तीस दिवसांच्या तीस चौकटी म्हणजे पडद्यावर दोन सेकंदही भरत नाहीत, आणि दोन सेकंदांचा वेल पाहून कोणताही सावकार थैलीची नाडी सोडत नाही. तेव्हा दिवसातून अनेक वेळा, ठरावीक अंतराने, चौकटीमागून चौकट मोजून घेतल्यावाचून 'अंकुराची वाढ' हा चित्रपट तयार होणे शक्य नव्हते. कुंडी केसभर सरकता कामा नये, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला कोणाचा पाय लागता कामा नये, प्रकाश सकाळी एक आणि दुपारी दुसरा पडून चित्राची लुकलुक होता कामा नये, आणि बी कुजले अथवा फीत फसली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ करण्याची तयारी पाहिजे, असा तो सगळा व्यवहार होता. त्या वाटाण्याचे बी फुटून रोप वर येत असलेले यशवंतराव नाडकर्णी यांनी पाहिले, आणि त्यांच्याकडून कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आलेला 'राजा हरिश्चंद्र' या अंकुराच्या पोटी जन्मलेला आहे. हिंदुस्थानच्या कथाचित्रपटाचे भांडवल एकेक चौकट मोजून घेतलेल्या चित्राने उभे केले, ही गोष्ट इतिहासात इतकी ठळक असताना तिला करमणूक म्हणणाऱ्यांच्या धाडसाचे कौतुकच करावे लागेल.

पहिली हरकत घेणारे येथे म्हणतील की रोप आपोआप वाढले. कलावंताने त्याला हलवले नाही. म्हणून हे कालसंक्षेपाचे छायाचित्रण झाले, सचेतनपट झाला नाही. हा भेद शास्त्रीय आहे आणि मला तो मान्य आहे. जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ प्फेफर यांनी शतकाच्या संधिकाळी रोपांच्या हालचालींची अशी चित्रे घेतली, इंग्लंडात पर्सी स्मिथ यांचा फुलांच्या उमलण्याचा चित्रपट १९१० साली लोकांनी पाहिला, आणि त्या दोघांनाही कोणी सचेतनपटाचे जनक म्हणत नाही. पण हा भेद सांगणाऱ्यांनी तो अर्ध्यावर का सोडावा? कालसंक्षेप आणि सचेतनपट या दोहोंचा पाया एकच आहे: चित्रपट हा वाहता प्रवाह नसून सुट्या चौकटींची माळ आहे, आणि दोन चौकटींच्या मधला काळ हा कलावंताच्या मालकीचा असून त्यात त्याने वाटेल ते करावे, ही जाणीव. एकदा ती झाली की मधल्या काळात निसर्गाला हलू द्यायचे की आपल्या बोटांनी वस्तू हलवायची, एवढाच प्रश्न उरतो. आणि फाळक्यांनी बोटांनी वस्तू हलवली. १९१५च्या सुमाराचा त्यांचा 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट त्याचीच साक्ष आहे. आगकाडी वाढत नाही, उमलत नाही, वाऱ्याने डोलत नाही; ती पडद्यावर चालली असेल तर तिला कोणीतरी चौकटी-चौकटीला उचलून पुढे ठेवलेले असते. पहिल्या हरकतीचे उत्तर इतके आहे, आणि म्हणूनच ती हरकत घेणारे तत्काळ दुसऱ्या हरकतीच्या आडोशाला जातात.

दुसरी हरकत अशी की आगकाड्यांचा तो चित्रपट आज कोठे आहे? दाखवा, मग बोलू. ही मागणी ऐकून मला आमच्या जिल्ह्यातील कोतवाल बुकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वऱ्हाडातील गावोगावच्या जन्ममृत्यूंची खबर कोतवालाने द्यावी आणि ती वहीत उतरावी, अशी इंग्रजी अमदानीतली वहिवाट होती. आणि आज जातपडताळणीसाठी केळापूर, वणी, दारव्हा, पुसद या तालुक्यांतील गरीब माणूस आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा उतारा काढण्यासाठी तहसिलीच्या दप्तरखान्यात खेपा घालतो तेव्हा त्याला काय आढळते? कोठे पान वाळवीने खाल्लेले असते, कोठे शाई उडालेली असते, कोठे संपूर्ण वर्षाची वहीच बेपत्ता असते. आणि नोंद सापडली तरी तीत पुष्कळदा बापाचे नाव आणि 'मुलगा झाला' एवढाच मजकूर असतो, कारण बारसे होण्यापूर्वीच कोतवालाने खबर दिलेली असते. खुद्द जिल्ह्याचे जुने कागद काढू गेल्यास ते 'वणी जिल्हा' या नावाने मिळतात, कारण १९०५पर्यंत या मुलखाचे सरकारी नाव तेच होते. कागद नाही म्हणून माणूस जन्मलाच नाही, नोंदीत नाव नाही म्हणून तो त्या बापाचा नव्हे, असा निवाडा येथील कोणी कारकून देऊ लागला तर त्याच्याविरुद्ध पहिली अपील दाखल करतील ते हेच विद्वान. मग फाळक्यांच्या आगकाड्यांना मात्र हा कायदा लागू का व्हावा?

मूकपटांच्या नाशाचे कारण काही गूढ नाही. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असते, दमट हवेत ती कुजते, आणि निकामी झालेल्या फितीतील चांदी काढून विकण्याचा धंदाही जोरात चाले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले तोवर या देशातील मूकपटांचा फार मोठा भाग नामशेष झालेला होता. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळे आज आपण पाहतो ती १९१३च्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. तेवढ्यावरून १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' झालाच नाही असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होत नाही. ते धैर्य आगकाड्यांच्या वाट्याला येते, कारण आगकाड्या गरीब आहेत. उलट 'चित्रपट कसे तयार करतात' या फाळक्यांच्याच माहितीपटाचा काही भाग सुदैवाने उरला आहे, आणि त्यात दादासाहेब स्वतः फीत हातात घेऊन तपासताना दिसतात. ज्याला फितीच्या एकेका चौकटीची एवढी नजर होती त्या माणसाविषयी संशय घ्यावा आणि निर्धास्तपणे घ्यावा, हे मला समजत नाही.

विलायतेत आगकाड्यांच्याच एका चित्रपटावरून जो वाद माजला आहे तोही येथे सांगण्याजोगा आहे. आर्थर मेलबर्न-कूपर यांचा, आगकाडीच्या बाहुलीने भिंतीवर आवाहन लिहून दाखवणारा लघुपट बोअर युद्धाच्या वेळचा, म्हणजे १८९९चा, असे एक पक्ष म्हणतो. तो पहिल्या महायुद्धाच्या वेळचा, म्हणजे १९१४चा, असे दुसरा पक्ष म्हणतो. आणि पंधरा वर्षांच्या या फरकावर जगातील पहिल्या सचेतनपटाचा मान अवलंबून असल्यामुळे भांडण तीव्र आहे. तरीही दोहोंपैकी कोणताही पक्ष मेलबर्न-कूपर यांना कलावंतांच्या पंक्तीतून उठवून लावत नाही. तेथे तारखेचा वाद तारखेचाच राहतो.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर खुद्द वॉल्ट डिस्ने यांच्या उगमासंबंधीची कथाही पाहून घ्यावी, कारण आपल्या विद्वानांचे दैवत तेच आहे. स्पेनच्या आल्मेरिया प्रांतात मोहाकार नावाचे एक डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. डिस्ने हे मूळचे तेथील इसाबेल सामोरा नावाच्या गरीब बाईचे मूल. तिने अमेरिकेत नेऊन ते डिस्ने दांपत्याच्या ओटीत घातले, अशी वदंता त्या गावात कित्येक दशके आहे, आणि १९९३ सालच्या एका चरित्रग्रंथानेही तिला थारा दिला. वदंतेचा आधार कोणता? तर डिस्नेंचा सरकारी जन्मदाखला नीट मिळत नाही, हा. त्या काळी शिकागोत प्रत्येक जन्माची नोंद होत नसे, इतकाच त्याचा अर्थ. इलायस आणि फ्लोरा डिस्ने यांचा हा मुलगा ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोच्या ट्रिप अ‍ॅव्हेन्यूवरील घरात जन्मला आणि जून १९०२मध्ये तेथल्याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, ही गोष्ट कुटुंबाच्या आणि चर्चच्या नोंदींवरून पक्की आहे. जन्मसालाशी पुढे थोडा खेळ झाला तो स्वतः डिस्ने यांनीच केला: १९१८ साली रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकादलात भरती होण्यास वय कमी पडत होते म्हणून अर्जावरील १९०१चे त्यांनी १९०० केले. एवढ्या भांडवलावर एक गाव आपल्याला जगद्विख्यात पुत्र प्राप्त झाल्याचे सांगत राहिले. मोहाकारने कागदाच्या अभावातून एक नाते निर्माण केले, आमचे विद्वान कागदाच्या अभावातून एक नाते तोडतात. मला मोहाकारकर अधिक उदार वाटतात; चूक दोघांचीही सारखीच आहे.

आता तिसरी हरकत, आणि तिचे दोन भाग. यंत्रे विलायती होती, यात शंका नाही; १९१२ साली कॅमेरा करणारा कारखाना हिंदुस्थानात नव्हता. एमिल कोल यांनी १९०८ साली पॅरिसमध्ये किंवा विन्झर मॅके यांनी १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रेघांना चालते केले तेव्हा कॅमेऱ्याचा शोध त्यांनी लावला होता, असे कोणी म्हणत नाही. खरा प्रश्न असा की विलायतेच्या त्या दोन महिन्यांच्या वारीत फाळके जे शिकून आले ते शिकण्याची पात्रता त्यांच्यात कोठून आली? तिचे उत्तर लंडनमध्ये नाही. ते मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत, बडोद्याच्या कलाभवनात, गोध्र्याच्या छायाचित्रालयात आणि विशेषतः शिळाछापाच्या खोलीत आहे. रविवर्म्याच्या देवादिकांच्या चित्रांच्या छपाईसाठी फाळक्यांनी काम केले, पुढे स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीची वारी केली. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असतो. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढत जातात आणि प्रत्येक वेळी कागद खुणेवर तंतोतंत बसला नाही तर लक्ष्मीचे डोळे कपाळावर जातात. एका चित्राचे अनेक थर एकमेकांवर बिनचूक बसवण्याची ही शिस्त, आणि अनेक चित्रे एकमेकांमागून बिनचूक बसवण्याची सचेतनपटाची शिस्त, यांत फरक केवळ जागेऐवजी काळाचा आहे. सचेतनपटाच्या चित्रशाळेत कागद खुंट्यांवर अडकवून चितारतात ते का, हे ज्याने शिळाप्रेसवर हात काळे केले आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही. त्यात भर म्हणून फाळके जादूगार होते; स्वतःचे आडनाव उलट वाचून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते प्रयोग करीत. प्रेक्षकाच्या नजरेतून नेमके कोणते दोन क्षण वगळायचे हे ठाऊक असलेला जादूगार, दोन चौकटींमधली फट म्हणजे काय हे दाखवल्याबरोबर ओळखतो. पॅरिसचे मेलिएस हेही पूर्वाश्रमीचे जादूगारच होते.

घरातली बाजूही येथे नोंदली पाहिजे, कारण फाळक्यांचे विरोधक ती विसरतात आणि भक्त तीवर फक्त हळवे होतात. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, ही गोष्ट सर्वांना सांगता येते. परंतु फितीला छिद्रे पाडणे, ती धुणे, जोडणे ही कामे त्यांनी अंधाऱ्या खोलीत बसून केली, ही अधिक महत्त्वाची गोष्ट आहे. चौकट मोजण्याच्या कलेत छिद्र हाच मोजणीचा दात असतो, आणि हिंदुस्थानात तो दात पाडणारे पहिले स्त्रीचे हात सरस्वतीबाईंचे होत.

तिसऱ्या हरकतीचा दुसरा भाग दादासाहेब तोरणे यांचा. १८ मे १९१२ रोजी, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळजवळ एक वर्ष आधी, त्याच कॉरोनेशन चित्रगृहात 'श्री पुंडलिक' दाखवला गेला, हे ऐतिहासिक सत्य आहे आणि तोरण्यांचे नाव अभ्यासक्रमात जितके यावे तितके येत नाही, ही माझीही तक्रार आहे. पुण्याच्या सरस्वती सिनेटोनचा हा संस्थापक कर्तबगार पुरुष होता. परंतु 'श्री पुंडलिक' हे रंगमंचावरील नाटकाचे, जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने घेतलेले चित्रण होते, आणि ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवली गेली होती. त्याच्याही आधी १८९९ साली सावे दादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केलेले आहे. तारखांच्या शर्यतीत तोरणे फाळक्यांच्या पुढे आणि सावे दादा तोरण्यांच्या पुढे, ठीक. पण सचेतनपटाच्या दाव्याशी या शर्यतीचा संबंध काय? कुस्तीगीर स्वतः हलत होते, पुंडलिकाचे नट स्वतः हलत होते. आगकाडीला हलवावे लागत होते. विषय सचेतनपटाचा चालला असताना मध्येच पहिल्या कथाचित्रपटाचा कज्जा आणून उभा करणे, हा वकिली डाव आहे, आणि तो वकील फारसा चांगला नाही.

चौथी हरकत मात्र खरी आहे. फाळक्यांच्या आगकाड्यांपासून कोणतीही शाळा निघाली नाही, शिष्य निघाले नाहीत. १९३४ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी गुणमय बॅनर्जी यांनी 'द पी ब्रदर्स' काढला (तेथेही वाटाणेच, पण त्या योगायोगावर इमारत बांधण्याचा मोह मी आवरतो) आणि त्याच वर्षी पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबूकाका' काढला, तेव्हा त्या मंडळींनी फाळक्यांचे सूत्र हाती धरून पुढे नेले असे दिसत नाही. याची कारणे शोधू गेल्यास ती कलेत नव्हे तर जमाखर्चात सापडतात. १९१४ साली महायुद्ध पेटले, कोरी फीत महाग व दुर्मीळ झाली, कर्ज देणाऱ्यांचे हात आखडले, आणि नाशकास बिऱ्हाड हलवलेले फाळके लहानसहान चित्रपटांवर दिवस काढू लागले. आगकाड्यांचा लघुपट त्या तंगीतला आहे. आगकाडीला पगार द्यावा लागत नाही, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण असले तर मला नवल वाटणार नाही. पुढे १९१७च्या 'लंकादहना'ने पैसा मिळाला, १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, आणि भागीदारांना जे हवे होते ते पौराणिक कथांचे उत्पन्न. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' यांतील चमत्कारांत फाळक्यांची चौकटींची विद्या कामी आली, पण ती कथेची दासी होऊन. भागीदारांशी बिनसून फाळके एकदा काशीलाही निघून गेले. शंभर रेखाटने करून सहा-सात सेकंद मिळवणारी कला अशा भागीदारीत जगत नाही. तिला दरमहा ठराविक तारखेला पगार देणारा धनी लागतो, मग तो डिस्नेंसारखा व्यापारी असो किंवा सरकारी खजिना असो.

आणि हा खजिना १९५६ साली उघडला. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट शाखेत अमेरिकन साहाय्यातून डिस्नेकडचे ते शिक्षक क्लेअर वीक्स आले, १९५७ साली 'द बनियन डिअर' पडद्यावर आला, आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तेथे घडले, ज्यांनी पुढची सहा दशके या कलेची सेवा केली. १९५६ हे साल म्हणून सुवर्णाक्षरांत लिहावे. मी त्याच्या आड येत नाही. राम मोहन यांना भारतीय सचेतनपटाचे जनक म्हणतात, आणि वंश चालवणाऱ्याला जनक म्हणण्याची रीत असेल तर तो मान त्यांना शोभतोही. माझा आक्षेप फक्त या सालाला आरंभ म्हणण्यावर आहे. शाळा उघडली त्या दिवशी विद्या जन्मली, असे मानणारा मनुष्य शिक्षणखात्यात चांगला शोभेल. इतिहासलेखनात त्याचे काम नाही. गंमत अशी की फाळक्यांच्या बाबतीत परंपरेचा अभाव दोष म्हणून दाखवणारे हेच विद्वान १९३४च्या दोन चित्रपटांचे नावही घेत नाहीत, कारण ते घेतल्यास १९५६ला आरंभ म्हणण्याची सोय राहत नाही.

१९७३ साली यवतमाळात जे मराठी साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. पटकथा आणि चित्रपटगीते लिहून ज्यांनी संसार केला त्यांना या गावाने साहित्याच्या सर्वोच्च आसनावर बसलेले पाहिले आहे. तेव्हा चित्रपट म्हणजे हलकी करमणूक आणि तिचा इतिहास कोणीही कसाही सांगावा, असे मानण्याची परवानगी निदान यवतमाळकराला तरी नाही.

फाळक्यांसाठी मी 'जनक' ही पदवी मागत नाही. १९१२ साली मुंबईत एका माणसाने कुंडीतला अंकुर चौकटी-चौकटीने वाढवून दाखवला, त्याच्या आधाराने कर्ज काढून चित्रपटाचा धंदा उभारला, आणि सुमारे तीन वर्षांत आगकाड्यांना बोटांनी चालवले, एवढ्या तीन नोंदी सचेतनपटाच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर असाव्यात आणि १९३४ व १९५६ ही साले त्यांच्या खाली, आपापल्या मानाने, यावीत, इतकीच मागणी आहे. विरोधी पक्षाला ती मान्य नसेल तर त्याने १९१२च्या आधी या देशात एकेक चौकट मोजून हे काम करणारा दुसरा कोणी पुढे आणावा. आणला, तर त्याच्या सत्काराची सभा आम्ही यवतमाळातच भरवू, आणि व्याख्यानाचा मान अर्थातच त्या विद्वानांना देऊ.